सूर्याची गाज

घरात जुना रेडिओ असेल, तर त्याची कळ सावकाश फिरवीत एका केंद्रावरून दुसऱ्या केंद्राकडे जाताना मध्ये काय ऐकू येते, हे तुम्हांला ठाऊक असेल. गाणे विरते, निवेदकाचा शब्द पुसट होतो आणि नुसती खरखर सुरू होते. ही खरखर कोणालाच आवडत नाही. बातम्या ऐकत बसलेले आजोबा कपाळाला आठ्या घालून म्हणतात, "अरे, नीट लाव पाहू तो!" आणि आपण घाईघाईने कळ पुढे सरकवतो. पावसाळ्याच्या तोंडावर वीज चमकली की रेडिओत 'कट्' असा आवाज होतो. शेजारची विजेची मोटर सुरू झाली की घुरघुर ऐकू येते. या सर्व आवाजांना आपण खरखर हे एकच नाव देतो आणि ते विसरून जातो.

परंतु या खरखरीतच केव्हा केव्हा एक निराळा आवाज मिसळलेला असतो. तो पृथ्वीवरचा नसतो. पंधरा कोटी किलोमीटर अंतर ओलांडून, सुमारे आठ मिनिटे वीस सेकंदांचा प्रवास करून तो आपल्या दारी आलेला असतो. तो आवाज सूर्याचा होय.

सूर्याला आवाज कसा असेल, असे तुम्ही विचाराल, आणि तुमचे विचारणे रास्तच आहे. सूर्य व पृथ्वी यांच्यामध्ये हवा नाही. तेव्हा सूर्यावर केवढाही गडगडाट झाला, तरी तो आपल्या कानी पडणार नाही. सूर्यावरून येतात त्या रेडिओ लहरी. रेडिओ लहरी आणि प्रकाश ही एकाच घरातील भावंडे आहेत. दोहोंचा वेग सारखाच. भेद आहे तो केवळ लांबीचा. प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही आखूड असते, तर रेडिओची लहर काही सेंटिमीटरांपासून कित्येक मीटरांपर्यंत लांब असू शकते. आपला डोळा पहिलीस ओळखतो, दुसरीस ओळखीत नाही. रेडिओयंत्र मात्र दुसरीस पकडते आणि तिचे रूपांतर आपल्याला ऐकू येईल अशा आवाजात करते.

सूर्य शांत असतो तेव्हा त्याच्या या लहरी इतक्या क्षीण असतात, की साध्या यंत्रास त्यांचा पत्ताही लागत नाही. तथापि सूर्याच्या अंगावर काळे डाग दिसू लागले आणि त्या डागांजवळ एखादी ज्वाला एकाएकी भडकली, म्हणजे काही सेकंदांतच या लहरींचा जोर हजारो पटींनी वाढतो. अशा उसळीस 'रेडिओस्फोट' म्हणतात. कान देऊन ऐकणाऱ्यास तो कसा भासतो, हे सांगावयाचे तर कोकणातल्या मुलांना फार समजावून सांगावे लागणार नाही. दूरवरून एक लाट येते, किनाऱ्यावर फुटते, आणि मग वाळूवरून पाणी सळसळत मागे सरते. समुद्राच्या या आवाजास आपल्या भाषेत 'गाज' असा सुंदर शब्द आहे. रेडिओस्फोट म्हणजे सूर्याची गाजच.

ही गाज प्रथम कोणी ऐकली? मोठमोठ्या वेधशाळांतील पंडितांनी नव्हे. ती ऐकली हौशी माणसांनी. दिवसभर आपापला उद्योग करावा आणि फावल्या वेळी घरी जुळविलेल्या यंत्रावरून परदेशातील तशाच एखाद्या हौशी मित्राशी बोलावे, असा छंद असलेली मंडळी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक देशांत होती, आणि आजही आहेत. १९३६ सालच्या सुमारास सूर्यावर डागांची संख्या वाढत चालली होती. त्या काळात इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील क्लॅक्टन या गावी राहणाऱ्या हाइटमन नावाच्या अशाच एका हौशी गृहस्थांना, सुमारे दहा मीटर लांबीच्या लहरी ऐकत असता, मधूनच एक सलग 'स्स्स्' असा आवाज येऊ लागला. इतर कोणी असता तर त्याने कळ फिरवून दुसरे केंद्र लावले असते. हाइटमन यांनी तो केव्हा येतो, याकडे लक्ष पुरविले. हा आवाज फक्त दिवसा येतो, रात्री कधीच येत नाही, असे त्यांना आढळले. शिवाय त्याच सुमारास दूरदूरची केंद्रे एकाएकी बंद पडल्यासारखी मुकी होतात, हेही हौशी मंडळींच्या ध्यानात आले होते.

केंद्रे मुकी का होत, ते सांगतो. आपल्या वातावरणाच्या वरच्या भागात विद्युत्भारित कणांचे थर आहेत. त्यांस 'आयनांबर' म्हणतात. दूरच्या केंद्राच्या लघुलहरी या आयनांबरावर आपटून, छतावर मारलेला चेंडू खाली यावा तशा, पुन्हा पृथ्वीकडे वळतात. सूर्यावर ज्वाला भडकली, की तिच्यातून निघालेले क्ष-किरण आयनांबराचा खालचा थर दाट करून टाकतात, आणि तो थर या लहरी गिळून टाकतो. म्हणजे एकीकडे सूर्याची गाज चढते, तर दुसरीकडे माणसांची बोलणी बुडतात. हाइटमन यांना हे सारे त्या वेळी ठाऊक असणे शक्य नव्हते; पण ही सळसळ सूर्यावरून येणाऱ्या कणांमुळे होत असावी, असा तर्क त्यांनी हौशी मंडळींच्या मासिकात मांडला. शास्त्रज्ञांच्या जगात त्याचा फारसा गवगवा झाला नाही. पुढे १९४५ साली आयनांबराचे थोर अभ्यासक सर एडवर्ड ॲपलटन यांनी हौशी लोकांच्या या जुन्या निरीक्षणांकडे लक्ष वेधले, तेव्हा कोठे त्यांची बूज राखली गेली.

मधल्या काळात दुसरे महायुद्ध भडकले होते. १२ फेब्रुवारी १९४२ रोजी शार्नहॉर्स्ट आणि ग्नायझेनाउ या जर्मनीच्या दोन बलाढ्य युद्धनौका भरदिवसा इंग्लिश खाडीतून निसटून गेल्या. इंग्रजांची रडारयंत्रे किनाऱ्यावर पहारा देत होती. परंतु जर्मनांनी मुद्दाम रेडिओ लहरींचा गोंगाट करून त्यांना भांबावून सोडले होते. या नामुष्कीने सारा देश हादरला. रडारमध्ये शत्रू कोणता गोंगाट करतो, याचा छडा लावण्याचे काम सैन्याने जेम्स स्टॅन्ली हे नावाच्या एका तरुण संशोधकावर सोपविले. हे गृहस्थ युद्धापूर्वी एका शाळेत पदार्थविज्ञान शिकवीत असत. (माझा स्वतःचा पेशा मास्तरकीचा असल्यामुळे ही गोष्ट सांगताना मला थोडा अभिमान वाटतो, तो तुम्ही मनावर घेऊ नये.)

दोनच आठवडे लोटले आणि २७ व २८ फेब्रुवारीला निरनिराळ्या ठिकाणच्या रडारचौक्यांवरून एकच ओरड सुरू झाली. चार ते सहा मीटर लांबीच्या लहरींवर चालणारी यंत्रे दिवसा प्रचंड गोंगाटाने निकामी होत होती. शत्रूने नवे अस्त्र काढले, अशी सर्वांची समजूत झाली असल्यास नवल नाही. आता मोठा हल्ला येणार, असेही कित्येकांना वाटले असेल. विमानविरोधी तोफांसाठी बनविलेली ही यंत्रे आवाज कोणत्या दिशेकडून आणि क्षितिजापासून किती उंचीवरून येतो, हे सांगू शकत असत. हे यांनी सर्व चौक्यांचे आकडे समोर मांडले. चौक्या एकमेकींपासून शेकडो किलोमीटर दूर होत्या. गोंगाट करणारे यंत्र जमिनीवर किंवा विमानात असते, तर प्रत्येक चौकीने निराळी दिशा दाखविली असती. येथे तर सर्वांची बोटे एकाच दिशेकडे वळलेली होती, आणि ती दिशा आकाशातून हळूहळू सरकत होती. ती सूर्याची दिशा होती.

त्यांनी ताबडतोब ग्रिनिच येथील वेधशाळेस दूरध्वनी केला. सूर्यावर एक फार मोठा डाग असून तो नेमका सूर्यबिंबाच्या मध्यभागी आला आहे, असे उत्तर आले. शत्रूचे नवे अस्त्र नव्हते; सूर्यच रडारमध्ये बोलत होता. ज्या माणसाला शत्रूचा आवाज शोधावयास सांगितले होते, त्याने "हा शत्रूचा आवाज नव्हे" असे निर्भयपणे वरिष्ठांना कळविले. हे सारे युद्धाचे गुपित असल्यामुळे १९४६ सालापर्यंत जगापासून लपवून ठेवण्यात आले.

गुपित लपून राहिले, तरी सूर्य थोडाच लपून राहतो? अमेरिकेत इलिनॉय राज्यातील व्हीटन या गावी ग्रोट रेबर नावाचा पंचविशीचा एक तरुण राहत होता. दिवसा शिकागोत रेडिओच्या कारखान्यात नोकरी करावी आणि उरलेल्या वेळात हौशी प्रयोग करावेत, असा त्याचा क्रम. आकाशातून रेडिओ लहरी येतात, असा शोध कार्ल जान्स्की यांनी पूर्वीच लावला होता. पण त्याचा पाठपुरावा करावयास कोणी पुढे येईना. तेव्हा १९३७ सालच्या उन्हाळ्यात रेबरने आपल्याच घराच्या अंगणात, स्वतःच्या पैशाने आणि बहुतांशी स्वतःच्या हातांनी, साडेनऊ मीटर व्यासाची एक अवाढव्य पत्र्याची परात उभी केली. गावाला या परातीचे काही केल्या कोडे उलगडेना. पाऊस पडला, की तिच्या मधल्या भोकातून पाण्याचा लोंढा कोसळे. त्यावरून हे पाऊस पाडावयाचे यंत्र आहे, अशी वदंता उठली. रेबरची आई मात्र अशा चर्चेत वेळ दवडीत नसे; ती त्या सांगाड्यावर धुणे वाळत घाली. ही बाई पूर्वी शिक्षिका होती आणि पुढे जगप्रसिद्ध झालेले ज्योतिषी एडविन हबल हे लहानपणी तिच्या वर्गात शिकले होते.

रेबरचे पहिले दोन प्रयोग साफ फसले. त्याने आखूड लहरी ऐकून पाहिल्या, काही मिळाले नाही. यंत्र बदलले, तरी काही मिळाले नाही. तिसऱ्या वेळी जवळजवळ दोन मीटर लांबीच्या लहरी निवडल्या, तेव्हा आकाशगंगेचा आवाज त्याला गवसला. दिवसा रस्त्यावरून धावणाऱ्या मोटारींच्या ठिणग्यांनी यंत्र बिघडल्यासारखे खरखरत असे, म्हणून तो मध्यरात्रीनंतर काम करी आणि सकाळी पुन्हा नोकरीवर जाई. अशा रीतीने आकाश चाळता चाळता १९४३ साली त्याला सूर्याच्याही लहरी सापडल्या, आणि १९४४ साली त्याने ते छापून प्रसिद्ध केले. तिकडे इंग्लंडात हे यांचा अहवाल कुलूपबंद होता. म्हणून सूर्याच्या रेडिओ लहरींचे पहिले प्रसिद्ध झालेले वृत्त एका हौशी माणसाच्या अंगणातले ठरले.

युद्ध संपल्यावर या गाजेचा पद्धतशीर अभ्यास विशेषेकरून ऑस्ट्रेलियात झाला. सिडनी येथील प्रयोगशाळेत रूबी पेन-स्कॉट या विदुषी समुद्राकाठच्या उंच कड्यावर बसविलेल्या यंत्रांनी सूर्याचे स्फोट टिपत असत. रेडिओ-ज्योतिषात काम करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री शास्त्रज्ञ होत. विवाहित स्त्रीस सरकारी नोकरीत कायम राहता येणार नाही, असा तेथे तेव्हा नियम होता. त्यांनी विवाह गुप्त ठेवला होता. तो उघड होताच त्यांचे कायमपद काढून घेण्यात आले, आणि पुढे त्या एका शाळेत गणित व विज्ञान शिकवू लागल्या. शाळेस उत्तम शिक्षिका लाभली यात शंका नाही. पण त्या नियमाने शास्त्राचे नुकसानच केले, असे मला वाटते.

१९५० साली पॉल वाइल्ड आणि मॅक्‌क्रेडी यांनी स्फोटांचे प्रकार पाडून त्यांना पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक दिले. हौशी मनुष्यास जो बहुधा भेटतो, तो तिसरा प्रकार. त्याची गंमत अशी, की तो आधी वरच्या वारंवारतेवर ऐकू येतो आणि मग पाहता पाहता खालच्या वारंवारतेकडे घसरत जातो. असे का व्हावे? सूर्याभोवती तप्त, विद्युत्भारित वायूचे विशाल प्रभामंडळ आहे. खग्रास ग्रहणात मोत्यासारखे पांढरे तेजोवलय दिसते, तेच ते. सूर्याजवळ ते दाट असते आणि दूर जावे तसतसे विरळ होते. एकतारीची तार ताणली, की स्वर चढतो आणि सैल केली, की उतरतो, हे तुम्ही पाहिले असेल. प्रभामंडळाचे तसेच आहे. त्याचा दाट भाग छेडला, तर वरचा स्वर निघतो. विरळ भाग छेडला, तर खालचा. ज्वाला भडकली, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा एक झोत प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे एक तृतीयांश वेगाने बाहेर धाव घेतो आणि वाटेतील प्रत्येक थर छेडीत जातो. दाटाकडून विरळाकडे जाणाऱ्या त्या झोताचा मार्ग आपल्याला उतरत्या स्वरांच्या रूपाने ऐकू येतो. दुसऱ्या प्रकारात झोताऐवजी धक्क्याची लाट सेकंदाला हजारएक किलोमीटर वेगाने सरकते, म्हणून त्याचा स्वर सावकाश, कित्येक मिनिटे उतरत राहतो.

सिडनीजवळच्या पॉट्स हिल या ठिकाणी सूर्याचे वेध घेण्यासाठी सहा सहा फूट व्यासाच्या बत्तीस पराती रांगेने बसविल्या होत्या. तेथे १९५३ सालच्या सुमारास गोविंद स्वरूप नावाचे एक भारतीय तरुण शिकावयास गेले होते. तेथील काम संपल्यावर त्या पराती मोडीत निघणार, असे दिसताच त्या भारतास मिळाव्यात, अशी खटपट त्यांनी केली. ऑस्ट्रेलियाने त्या उदारपणे दिल्या. त्या समुद्रमार्गे आपल्याकडे आल्या, आणि १९६५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने त्या मुंबईजवळ कल्याण येथे उभ्या करून सूर्याचा अभ्यास सुरू केला. आपल्या देशातील रेडिओ-ज्योतिषाच्या मोठ्या परंपरेचा आरंभ असा जुन्या, दुसऱ्यांनी वापरून झालेल्या परातींपासून झाला आहे. पुणे जिल्ह्यातील नारायणगावाजवळ, खोडद येथे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस पराती ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना ही गोष्ट खरी वाटणार नाही. परंतु त्याही गोविंद स्वरूप यांच्याच कल्पनेतून उभ्या राहिल्या.

या सर्व अभ्यासाचा उपयोग काय, असा प्रश्न मनात येतो. २३ मे १९६७ रोजी त्याचे उत्तर मिळाले. अमेरिका व रशिया ही दोन्ही राष्ट्रे तेव्हा अणुबाँब सज्ज ठेवून एकमेकांवर डोळे वटारून बसली होती. त्या दिवशी अलास्का, ग्रीनलंड आणि इंग्लंड येथील अमेरिकेची तिन्ही इशारायंत्रे एकाच वेळी गोंगाटाने आंधळी झाली. ही यंत्रे आंधळी करणे म्हणजे युद्धाची सुरुवात, असेच सेनापती समजत असत. विमाने सज्ज करण्याची तयारीही सुरू झाली. परंतु तोवर सूर्यावर रोज नजर ठेवणारे निरीक्षक सैन्यात नेमलेले होते. सूर्यावर फार मोठी ज्वाला भडकली असून तिन्ही ठिकाणे त्या घटकेस उन्हात आहेत, असे त्यांनी वेळीच कळविले, आणि विमाने जागीच राहिली. पंचवीस वर्षांपूर्वी एका शिक्षकाने जो प्रश्न विचारला होता, तोच या निरीक्षकांनी विचारला: हा आवाज शत्रूचा, की सूर्याचा? अगदी अलीकडे, ४ नोव्हेंबर २०१५ रोजीही, सूर्याच्या अशाच गाजेने स्वीडनमधील विमानतळांची रडारयंत्रे गोंधळून गेली होती.

मुलांनो, हा आवाज ऐकावयास आज परातही लागत नाही आणि फारसा पैसाही लागत नाही. वीस मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लघुलहरी पकडणारा रेडिओ हवा. त्या लहरीची लांबी पंधरा मीटर भरते. म्हणून तिच्या निम्म्याहून किंचित कमी, म्हणजे सुमारे सात मीटर तार घ्यावी, ती मधोमध तोडून दोन समान भाग करावेत, आणि मध्ये रेडिओकडे जाणारी केबल जोडून ते दोन्ही हात बांबूंच्या आधाराने आडवे ताणावेत. हे झाले आपले एरियल. ते विजेच्या तारांपासून चांगले दूर असावे, मोठ्या माणसांच्या देखत बांधावे आणि ढग दाटून येताच रेडिओपासून सोडवून ठेवावे. सूर्याकडे डोळे लावून मात्र मुळीच पाहू नये. येथे काम कानांचे आहे. दोन केंद्रांमधील मोकळी जागा शोधून रेडिओ लावावा, जवळ घड्याळ व वही ठेवावी आणि दुपारच्या वेळी, सूर्य माथ्यावर असता, ऐकत बसावे. कित्येक दिवस काहीच ऐकू येणार नाही. सूर्यावरील डागांची भरती सुमारे अकरा वर्षांनी येते. मागची भरती २०२४ साली येऊन गेली. ओहोटीच्या वर्षांत तर फारच चिकाटी लागते.

खरी परीक्षा पुढेच आहे. काही ऐकू आले, तर ते सूर्याचेच कशावरून? विजेचा कडकडाट क्षणात संपतो. मोटरचा आवाज एकदम सुरू होतो, एकाच पट्टीत राहतो आणि एकदम थांबतो. सूर्याची गाज झपाट्याने चढते आणि रेंगाळत उतरते. एरियल काढल्यावरही आवाज तसाच राहिला, तर दोष आपल्या यंत्राचाच समजावा. इतके करूनही शंका उरतेच. मग दूर गावच्या दुसऱ्या ऐकणाऱ्यास विचारावे, की त्या मिनिटास तुम्हांलाही काही ऐकू आले काय? 'कॅलिस्टो' नावाच्या छोट्या यंत्रांचे एक जाळे जगभर पसरले आहे. ती स्वित्झर्लंडमध्ये तयार झाली असून भारतातही बसविलेली आहेत. ती सूर्याच्या स्फोटांची चित्रे रोज काढतात आणि ती चित्रे कोणासही पाहता येतात. आपल्या वहीतील वेळ त्या चित्राशी जुळते की नाही, हे ताडून पाहावे.

सेवानिवृत्त झाल्यावर, २०२४ सालच्या उन्हाळ्यात, मी आमच्या गावच्या शाळेच्या मैदानात मुलांकडून अशी तार बांधवून घेतली. तिसऱ्याच दिवशी दुपारी रेडिओ असा काही घुमू लागला, की मुलांनी टाळ्या पिटल्या आणि मीही, खरे सांगतो, हातातला चहा तसाच ठेवून उठलो. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा तोच आवाज. तिसऱ्या दिवशीही तोच. सूर्य एवढा वक्तशीर कसा, असा विचार माझ्या मनात येण्याआधीच सातवीतील एक मुलगी उठून फाटकाबाहेर गेली आणि परत येऊन तिने वहीत लिहिले, "समोरची पिठाची गिरणी चालू." वर्गातील मुले तिच्यावर रागावली. तिने आमचा सूर्य हिरावून नेला, असेच त्यांना वाटत होते. त्यानंतर मात्र वहीत एक नवा रकाना पडला. दर वेळी आवाज आला, की कोणीतरी एकाने धावत जाऊन गिरणी पाहून यावयाची, मगच नोंद पुरी करावयाची.

तीन आठवड्यांत चौदा नोंदी झाल्या. नऊ गिरणीच्या, तीन विजेच्या, आणि एकीपुढे तर "बहुधा स्कूटर" असे लिहिलेले होते. राहिली एक. ती दुपारी बारा वाजून सव्वीस मिनिटांची होती. आवाज एका मिनिटाहून थोडा अधिक टिकला होता. चढताना लवकर चढला, उतरताना सावकाश उतरला. त्या मुलीने तिच्यापुढे एक प्रश्नचिन्ह काढून ठेवले होते. संध्याकाळी आम्ही कॅलिस्टोचे त्या दिवसाचे चित्र उघडले. त्यात पावसाच्या सरीसारखी एक तिरपी रेघ वरून खाली उतरलेली दिसत होती. आमचे घड्याळ भारतीय वेळेचे, ते चित्र जागतिक वेळेचे; म्हणून मुलांनी साडेपाच तास वजा केले, आणि कोणाची चूक होऊ नये यासाठी तेच गणित निरनिराळ्या तिघांनी फळ्यावर करून दाखविले. तिघांचेही उत्तर सहा वाजून छप्पन्न मिनिटे असेच आले, आणि रेघही तेथेच होती.

मुलीने वही पुढे ओढली. प्रश्नचिन्ह तिने खोडले नाही. त्याच्या शेजारी, उरलेल्या जागेत, तिने बारीक अक्षरांत लिहिले: "गिरणी बंद. सूर्य."